प्रदीपची मधली पेटी

प्रदीप रोकडे गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. कर्जतला चारफाट्यावर रिक्षाची वाट बघत उभा होतो. समोरच्या विजेच्या खांबाला सहा बाय चारचा फ्लेक्स बांधलेला, त्यावर प्रदीपचा फोटो. टेलिफोन खात्यातल्या जुन्या ओळखपत्रावरचा, मोठा करून करून चेहरा विरलेला. खाली ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ आणि त्याखाली शोकाकुल म्हणून अकरा नावं. मला मोजायची सवय आहे, मी मोजली. अकरापैकी सात जणांनी गेल्या पाच महिन्यांत त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्यात वरचं नाव, त्याच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरातलं, त्याची इंटरनेटची वायर कापायला लावणाऱ्या माणसाचं होतं. इथले सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही भाऊच लिहितो. पूर्ण नाव हवं असेल त्यांनी तो फ्लेक्स वाचावा, अजून उतरवलेला नाही.

आजार नव्हता. अल्पसाही नव्हता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दहिवलीतल्या आपल्या घराच्या मागं शिडीवर चढून स्वतःची वायर स्वतः ओढत होता, कारण ओढून द्यायला कोणी येत नव्हतं. छातीत कळ आली, शिडीवरून उतरला, पायरीवर बसला आणि गेला. हे मला नंतर त्याच्या बायकोनं, शोभावहिनींनी सांगितलं. मला कोणी फोन केला नव्हता, कारण चार महिने आमचं बोलणं बंद होतं. ते मी बंद केलं होतं.

या लेखात मी प्रदीपचे गुण सांगणार आहे, पण आधी माझा हिशेब सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक व्हायला नको. प्रदीपला एका बाईला एक गोष्ट सांगायची होती. एकतीस वर्षं सांगायची होती. मी ती सांगू दिली नाही. ती बाई माझी सख्खी धाकटी बहीण, सुमन. तिच्या परवानगीनं हे लिहितो आहे. पुढं जिला रेखा म्हटलं आहे तिचं नाव तेवढं बदललं आहे.

आमचं गाव चौक या गावापासून तीन किलोमीटर आत. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या आळीत तीन फोन होते, त्यातला एक आमचा. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, खोपोलीजवळच्या कारखान्यात स्टोअरमध्ये लागून दोन वर्षं झालेली. प्रदीप आमच्या भागाचा लाइनमन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. सायकलला शिडी बांधून यायचा. लाइन बंद पडली की तो खांबावर चढायचा, तिथल्या पेटीत बारीक तारांच्या जोड्या असायच्या, त्यांना एक-एक करून आपल्याकडचा हँडसेट चिमट्यानं लावायचा आणि ऐकायचा. कोणती जोडी कोणाची, कुठं खरखर आहे, हे ऐकल्याशिवाय कळत नसे. म्हणजे कामच ऐकायचं. कोणाचं पोरगं नापास झालं, कोणाच्या शेताचा सौदा फिसकटला, सगळं कानावरून जायचं. “कान आपला, पण आत कायपण ठेवायचं नाय,” असं तो म्हणायचा आणि ते त्यानं पाळलंही. एक दिवस सोडून.

त्या दिवशी चौकला ढाब्यावर आम्ही चहा पीत होतो. तो हसत हसत म्हणाला, “तुझ्या बहिणीचं उरकून टाका रं लवकर. आमच्या तारा गरम होतात.” त्याच्या मनात चेष्टेपलीकडं काही नव्हतं. माझ्या कानात ते शिरलं. मी विचारलं, कोणाशी बोलते? तो म्हणाला, “जाऊ दे ना, पोरं बोलतातच.” मी परत विचारलं. तो उठायला लागला. मी हात धरून तिसऱ्यांदा विचारलं, मित्र म्हणवतोस आणि घरातली गोष्ट लपवतोस? आणि त्यानं नाव सांगितलं. मुलगा कॉलेजमधला, सरळमार्गी होता. आमच्या जातीतला नव्हता. माझ्या वडिलांना तेवढं पुरलं. मी त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं, आणि सतराव्या दिवशी सुमनचं लग्न झालं. तिचे चार पेपर राहिले होते, ते राहिलेच. नवरा वाईट निघाला नाही, असं मी आजवर लोकांना सांगत आलो. वाईट न निघणं ही किती थोडी गोष्ट आहे, हे मला सांगताना कधी दिसलं नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी प्रदीप आमच्या घराच्या मागं आला. चेहरा काळवंडलेला. “मी तिला जाऊन सांगतो, माझ्या तोंडातून निघालं म्हणून. तिनं मला चप्पल मारली तरी चालंल.” मी म्हणालो, तू सांगितलंस तर तू कोणाला सांगितलंस हे ती विचारील, मग माझं नाव येईल, आणि ती माझं तोंड बघणार नाही. त्याला मी शपथ घातली. कोणाची घातली ते लिहीत नाही, पण अशी घातली की त्याच्यासारखा माणूस ती मोडणार नाही हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, “म्हणजे आता तुझंपण मीच पोटात ठेवायचं.” आणि ठेवलं त्यानं. आमची मैत्री तुटली नाही, उलट वाढली. दोन माणसं एकच गोष्ट लपवत असली की ती एकमेकांना सोडत नाहीत, एवढाच तिचा अर्थ होता की काय, असं आता वाटतं...

पुढं खात्यात तारांचं काम कमी झालं, त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दहिवलीत घराच्या ओटीवर दुरुस्तीचं दुकान टाकलं. राउटर, जुने फोन, शाळेतले कॉम्प्युटर. इंग्रजी जेमतेम, पण वही घेऊन बसायचा आणि शब्द लावायचा. चारेक वर्षांपूर्वी मला म्हणाला, एक सॉफ्टवेअर सापडलंय, त्यात वायर जोडणाऱ्यालाच कायपण ऐकू येत नाय. मला वाटलं बिघडलेलं असेल.

त्यानं जेवणाच्या डब्याएवढा एक जुना कॉम्प्युटर घेतला, भिंतीतल्या गोखल्यात ठेवला, शेजारी इन्व्हर्टर. केबलवाल्याकडून इंटरनेटचा न बदलणारा पत्ता मागून घेतला. अर्जात कशासाठी हवा तेही स्पष्ट लिहिलं, कारण जगभर लोकांनी एकमेकांचे निरोप पोचवायला ठेवलेल्या अशा पेट्यांचे पत्ते जगजाहीर असतात, त्यात लपवाछपवी नसते. सॉफ्टवेअर बसवायला त्याला नऊ दिवस लागले. त्यातले सहा एक ओळ चुकीच्या जागी लिहिल्यामुळं गेले. मग पेटी चालू झाली, तर दोन आठवडे तिच्यातून जवळजवळ काही जाईना. मी म्हणालो, फुकट गेलं तुझं. तो म्हणाला, “नवीन पेटीवर लगेच कोण भरवसा ठेवील? आधी बघतात, टिकते का, किती झेपतं. बरोबरच हाय त्यांचं.” आमच्याकडं वीज जाते, पेटी बंद पडली की भरवशाच्या यादीत तिचं नाव पुन्हा खाली जातं. म्हणून दुसरी बॅटरी आली. वहिनी म्हणायच्या, “फ्रिजला इन्व्हर्टर नाय आणि ह्या डब्याला दोन-दोन बॅटऱ्या. पुढच्या जन्मी मी डबाच होते.”

ती पेटी काय करते हे त्यानं मला समजावलं ते मी त्याच्याच शब्दांत देतो, कारण त्याहून सोपं मी कुठं वाचलं नाही. “समज, तुला एक पत्र पाठवायचंय, पण कोणी पाठवलं ते कोणाला कळू नये. तू पत्र एका पाकिटात घालतोस, ते दुसऱ्यात, ते तिसऱ्यात. ते तीन घरांतून जातं, प्रत्येक घर आपलं एकच पाकीट फोडतं आणि पुढं देतं. पहिल्या घरवाल्याला तू दिसतोस, पण पत्र जायचं कुठं ते नाय दिसत. तिसऱ्याला कुठं जायचं ते दिसतं, पण तू नाय दिसत.”

“आणि तू?”

“मी मधला. मला मागचं घर माहीत आणि पुढचं घर माहीत. पाठवणारा माहीत नाय, पोचणारा माहीत नाय, आत लिहिलंय काय ते तर नायच.”

“मग तुला यातून मिळतं काय रं?”

“तेच की,” तो म्हणाला. मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दर रविवारी मी जायचो. पेटीच्या पडद्यावर दोन रेघा दिसायच्या, किती माल आत आला आणि किती बाहेर गेला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसायच्या. मी तेहतीस वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजले, आवक-जावक इतकी जुळलेली मला कधी दिसली नाही. मी म्हणालो, रोजचे आकडे वहीत लिहून ठेवतो. त्यानं वही माझ्या हातातून काढून घेतली. रागानं नव्हे, पण काढून घेतली. “इथं लिहायचं नाय. लिहिलेलं असलं की कोणीतरी वाचायला येतं.” बरं-वाईट दोन्ही यातून जात असेल, हेही त्याला माहीत होतं. मी टोचून विचारलंही. तो म्हणाला, “टेलिफोनवर लोकं शिव्यापण द्यायची. मी तार काढून टाकली का?”

आता भाऊ. आमच्याकडं हल्ली डोंगराच्या पायथ्याला फार्महाऊसचे प्लॉट पडतात. भाऊंच्या एका स्कीममध्ये ओढा बुजवून रस्ता काढला होता. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी आधीचे-नंतरचे फोटो आणि मंजुरीचे कागद निनावी पत्रासह इंटरनेटवर टाकले आणि काम थांबलं. भाऊंचाच केबलचा धंदा. त्यांच्या ऑफिसात प्रदीपचा अर्ज फायलीला होता. झालं, पत्र याच पेटीतून गेलं असं त्यांनी धरलं. एवढ्या मोठ्या जगात हजारो पेट्या, प्रत्येक पत्राची वाट वेगळी, ती सारखी बदलते. दहिवलीतून निघालेलं पत्र दहिवलीतल्याच पेटीतून गेलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. आणि गेलं असतं तरी मधल्याला काय कळणार? हे प्रदीपनं त्यांना ओटीवर बसवून पाकिटांत पाकिटं घालून दाखवलं. भाऊ म्हणाले, “काका, आमी काय पोरं हाव का? ज्याच्या घरातून माल जातो त्याला मालक माहीत नाय?” प्रदीप म्हणाला, “नाय माहीत. तेवढ्यासाठीच ठेवलीय.” भाऊंनी चहा न पिता कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक येईना. ज्यांच्या शाळेचे कॉम्प्युटर त्यानं फुकट दुरुस्त केले ते रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. खरं खोटं कोणाला बघायचं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंही काहीतरी या माणसाला माहीत आहे.

आणि मग भाऊंनी मला बोलावलं. माझा मुलगा त्यांच्या साइटवर सुपरवायझर आहे. ते धमकी देत नाहीत. त्यांनी मुलाचं कौतुक केलं, आणि म्हणाले, “तुमचं ऐकतील ते. एक नाव फक्त.” मी काय करायला हवं होतं हे या पानावर लिहायला सोपं आहे. मी गेलो. ओटीवर बसून मी प्रदीपला सांगितलं, तुला ठाऊक असेल तर सांगून मोकळा हो. तो म्हणाला, नाय ठाऊक. मी म्हणालो, अंदाज तर असेल. तो म्हणाला, अंदाजपण नाय. मी म्हणालो, मित्र म्हणवतोस आणि...

“तीनदा विचारलंस,” तो म्हणाला. “तेव्हापण तीनदाच विचारलेलंस. शब्दपण तेच.” मग म्हणाला, “तेव्हा मला माहीत होतं म्हणून तुला देता आलं. आता माझ्याकडं द्यायला कायपण नाय. किती बरं हाय बघ.” आणि मग त्यानं ते मागितलं. “माझी शपथ सोडव रं आता. मी सुमनताईकडं जाऊन येतो. आपलं वय झालं.”

मी म्हणालो, जुनं कशाला उकरतोस, ती आता आजी झाली. तो म्हणाला, “आजी झाली म्हणून तिचे चार पेपर भरून निघाले काय?” मी उठलो. पायऱ्या उतरता उतरता त्याला म्हणालो, मरेपर्यंत डबा घेऊन बस. हे माझं त्याच्याशी शेवटचं वाक्य.

पंधरा दिवसांत भाऊंच्या माणसांनी त्याची वायर खांबापासून कापली. तक्रार केली तर म्हणाले, माकडांनी तोडली. माकडं पकडीनं कापत नाहीत. मग त्यानं नेरळकडच्या एका केबलवाल्याला गाठलं. तो जोडणी द्यायला तयार झाला, पण मागच्या रस्त्यापर्यंतच. तिथून घरापर्यंत वायर ओढायला माणूस मिळेना, प्रत्येकाला भाऊंच्या हद्दीत काम करायचं आहे. म्हणून त्यानं जुनी शिडी काढली. मला एक फोन केला असता तर मी शिडी धरायला गेलो असतो, असं मी स्वतःला चार-पाचदा सांगून बघितलं. पण कोणत्या तोंडानं त्यानं तो फोन करायचा होता?

शोकसभा झाली. भाऊ म्हणाले, आपल्या भागाला इंटरनेटची ओळख करून देणारा माणूस हरपला. दोन मिनिटं स्तब्धता पुकारली. मी घड्याळ बघत होतो, चाळीस सेकंदांत सगळे बसले. त्याच्यासाठी एवढाही वेळ यांच्याकडं नव्हता. बोलायला उठावं असं मला वाटलं, पण मुलगा भाऊंच्या मागच्या खुर्चीवर होता आणि मी उठलो नाही. तेही यात धरा.

सभेनंतर घरी गेलो. गोखल्यातली पेटी बंद होती. वहिनी म्हणाल्या, “तुमच्यावर नव्हते हो चिडलेले. एकच म्हणायचे, सुमनताईंना भेटायचंय, पण त्याची परवानगी नाय. काय होतं एवढं?” मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, “माणूस गेला, आता कोणाची परवानगी अडलीय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनच्या गावी गेलो. ती शिलाई मशीनवर बसली होती, दारात ब्लाउजांचा ढीग. “दादा, न कळवता?” म्हणाली आणि पाणी आणायला उठली. मी म्हणालो, पाणी नको, आधी ऐक. उभ्यानंच सगळं सांगितलं. खांब, हँडसेट, चौकचा ढाबा, तीनदा विचारणं, शपथ. काही गाळलं नाही. तिनं मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं.

“म्हणजे रेखानं नाय सांगितलं?” ती म्हणाली.

मला कळेना. रेखा म्हणजे तिची कॉलेजमधली मैत्रीण. आमच्याकडं यायची, जेवायची.

“तिला एकटीलाच माहीत होतं,” सुमन म्हणाली. “मला वाटलं तिनंच घरी सांगितलं. ती लग्नाला आली तेव्हा मी तिच्याशी बोलले नाय. कर्जतच्या बाजारात एकदा माझा हात धरला तिनं, मी झटकला. तिची आई गेली तरी गेले नाय. एकतीस वर्षं रं दादा! ती काय समजली असंल?”

माझ्या आकड्यांत हा आकडा कधी आलाच नव्हता. मी एका माणसाचं नुकसान धरून चाललो होतो.

“प्रदीपला यायचं होतं,” मी म्हणालो. “मी येऊ दिलं नाही.”

“तो आला असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि चहा दिला असता,” ती म्हणाली. “तुला नुसत्या शिव्या.” आणि तिनं दिल्या. लहानपणी आमची आई देत असे त्या सगळ्या, आणि काही मला नवीन होत्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “तिचा नंबर काढ. स्टोअरकीपर ना तू? एवढं शोधून दे.”

चार ठिकाणी फोन केल्यावर नंबर मिळाला. रेखा नेरळलाच होती, अर्ध्या तासाच्या वाटेवर. सुमननं तो आकडा-आकडा बघत दाबला. पलीकडं वाजत राहिलं. मी ओटीवर बसलो होतो. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं, पलीकडची घंटासुद्धा.

प्रदीपची एक सवय होती. समोरच्याला फोन आला की तो उठायचा. चहा अर्धा राहिला तरी, बाहेर रणरणतं ऊन असलं तरी. कडेला नाही, चांगला लांब जायचा आणि पाठ करून उभा राहायचा. मला वाटायचं, याला बसवत नाही एका जागी. मी त्याला हाका मारायचो, अरे ये, माझ्या बायकोचा फोन आहे, भाजी काय आणू विचारतेय! तो मागं वळून बघायचासुद्धा नाही.

पलीकडं कोणीतरी फोन उचलला. सुमन म्हणाली, “रेखा... मी बोलतेय...”

मी उठलो आणि चालायला लागलो. तिचा आवाज ऐकू येईनासा व्हायला बावीस पावलं लागली. तिथं कोणाच्या तरी कुंपणाशी, पाठ करून, ती हाक मारीपर्यंत मी उभा होतो.